बारमाही

टायरच्या खरेदीला कुणी हौसेनं बरोबर येत नाही. गाडी घेताना अख्खं घर शोरूममध्ये उतरतं, हार घातला जातो, पेढे वाटले जातात, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं. तेच चाक पुढे गोटा झालं की दुकानाची पायरी एकट्यानं चढायची. शिवाय ही वस्तू मिरवायचीही सोय नाही. नव्या टायरला रबराचे बारीक बारीक केस असतात, ते झिजेपर्यंतच काय ते नवेपण. चारचौघांत ‘परवा टायर घेतले’ म्हणून बघा, लोक अभिनंदन करत नाहीत, हळहळून किंमत विचारतात.

दुकानात खग्रास ग्रहणांची चळत लावून ठेवावी तसे टायर रचलेले असतात आणि आपल्याला त्यांतली चार ग्रहणं निवडायची असतात. ‘बारमाही कुठला?’ असं मी विचारलं तेव्हा दुकानदार दयाळूपणे म्हणाला, ‘साहेब, आपल्याकडे सगळे बारमाहीच.’ एका अर्थी त्याचं खरं होतं. थंड मुलुखात माणसं उन्हाळ्याचे टायर वेगळे ठेवतात नि बर्फाचे वेगळे, कारण पारा सात अंशांच्या खाली उतरला की उन्हाळी रबर ताठरतं आणि रस्त्याशी बोलेनासं होतं. वर्षातून दोनदा चाकं बदलण्याच्या कंटाळ्यातून सर्व ऋतूंचा टायर आला. अमेरिकेत गुडइयरनं 1977 साली तसला रेडियल बाजारात आणला. बर्फाच्या परीक्षेत उतरलेल्या टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात एक हिमकण कोरलेला असतो. फार देखणं चिन्ह आहे. पण पुण्यात सात अंश म्हणजे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची बातमी. तेवढ्यासाठी हिमकण घेऊन करायचं काय?

आपले ऋतू निराळे आणि त्यांची भांडणंही निराळी. मे महिन्यात गाडीला अकोल्याला लग्नाला जायचं असतं, डांबर पायाखाली मऊ होत असताना. आषाढात तिलाच ताम्हिणी उतरायची असते, जिथे रस्ता आणि ओढा यांच्यातला फरक केवळ सरकारदरबारी उरलेला असतो. उन्हाला कणखर रबर हवं, म्हणजे टायर पुष्कळ चालेल. पावसाला मऊ हवं, म्हणजे ओल्या दगडालाही धरून राहील. खोल चर पाणी बाहेर फेकतात, पण चरांची गर्दी झाली की सुक्या रस्त्यावर टायर गुणगुणू लागतो. रबरात सिलिका घालून कंपन्यांनी हे भांडण बरंच मिटवलंय, तरी धुसफूस आहेच. काही टायरांच्या कडेवर झिजेचा आकडा छापलेला असतो. जितका मोठा, तितकं आयुष्य अधिक. तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणजे आपल्या पोराच्या प्रगतिपुस्तकात आपणच गुण भरावेत तसं. त्याच्या शेजारचं अक्षर मला जास्त भरवशाचं वाटतं. ते ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं असतं, ‘एए’पासून ‘सी’पर्यंत.

खऱ्या अर्थानं बारमाही असा टायर मी आयुष्यात एकच पाहिला, तो आजोबांच्या पायात. ट्रकच्या जुन्या टायरचे तळ कापून शिवलेल्या त्यांच्या वहाणा होत्या. भाताच्या चिखलात त्याच, कातळावरच्या उन्हात त्याच, आणि लग्नकार्यात पुसून घेतलेल्या त्याच. आजोबांच्या वाट्याला येण्याआधी त्या रबरानं बहुधा इंदूर, बेळगाव, सुरत पाहिलेलं असणार. आजोबा स्वतः पंढरपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. इतक्या हिंडलेल्या वस्तूवर उभं राहून माणूस जन्मभर एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जात होता. पावसाळ्यात अंगणात त्यांच्या पावलांमागे ट्रकच्या नक्षीचा माग उमटे आणि आम्ही नातवंडं हॉर्न वाजवत त्या मागावरून धावत सुटायचो. आजोबा खरोखरच बाजूला होऊन आम्हाला रस्ता द्यायचे.

एकेक चाक रस्त्याला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. असे चार तळहात. त्यांच्यावर आई, बायको, मागच्या सीटवर झोपलेलं पोर आणि डिकीतला फणस, असा सगळा संसार वरंधा उतरत असतो. हे एकदा ध्यानात आलं की दुकानातली चर्चा आपोआप आटोपते. किलोमीटर थोडे कमी मिळाले तरी चालतील, थोडा गुणगुणला तरी चालेल. मी ओल्यात धरणारा घेतला. नायट्रोजनचा आग्रह मात्र हसून परतवला. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच, तेवढा मला पुरतो.

तुम्ही जाल तेव्हा नक्षीच्या प्रेमात पडण्याआधी कडेवरचे चार आकडे वाचा: 2324 असेल तर टायर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. चरांतल्या उंचवट्याशी रबर समतल झालं, म्हणजे खोली 1.6 मिलिमीटरवर आली, की पुढच्या पगाराची वाट पाहू नका. आणि दोनच बदलणार असाल, तर दुकानदार काहीही म्हणो, नवे दोन मागे बसवून घ्या. नाहीतर ओल्या वळणावर गाडीची पाठ आधी सुटते.