बिनपेठेचा माणूस

‘पोरगी सहा वर्षांची झाली आणि अजून मॅच दावली न्हाईस?’ आबांनी फोनवर विचारलं. बाकीच्या घरांत ‘अजून लस टोचली नाही?’ हे ज्या आवाजात विचारतात, तोच आवाज.

‘टीव्हीवर बघते की, आबा. मेस्सी ओळखते ती.’

‘मेस्सी कुठल्या पेठंचा?’ आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

आता, २०२२ साली कतारला विश्वचषक चालू होता तेव्हा याच कोल्हापुरात चौकाचौकांत मेस्सीचे कटआउट उभे होते आणि अर्जेंटिना जिंकल्यावर आबांनी स्वतः गल्लीत पेढे वाटले होते. पण ते पाहुण्याचं कौतुक. पाहुण्याला पेढा द्यायचा, सातबाऱ्यावर नाव लावायचं नाही.

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुस्ती आठवते. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान आठवतं, आणि त्याच्याशेजारची भेळ आठवते. पण आमच्याकडं फुटबॉलच्या टीमलाही तालीमच म्हणतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. माझा पुण्यातला एक सहकारी ही नावं ऐकून बराच वेळ गप्प बसला आणि मग हळूच म्हणाला, ‘म्हणजे लंगोट लावून खेळतात का?’ त्याला सांगितलं, २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, आणि तो रीतसर चड्डी घालून खेळला.

तालीम ही आवडीनिवडीची गोष्ट नाही. आडनावासारखी ती वडिलांकडून येते. पक्ष बदललेले नगरसेवक आमच्याकडं ढिगानं सापडतील, तालीम बदललेला एक माणूस दाखवा. आमची तालीम मंगळवार पेठेतली, एवढंच सांगतो. नाव सांगितलं तर अर्ध्या गावात माझं जेवण बंद होईल आणि उरलेल्या अर्ध्यात जबरदस्तीनं वाढतील.

आबा तर फुटबॉलच्या नियमांच्या पलीकडं गेलेले. खेळाचे एकूण नियम सतरा. त्यांतला पाचवा रेफरीचा : खेळातल्या घटनांबाबत त्याचा निर्णय अंतिम. आबांनी या पाचव्या नियमाला कधीच मान्यता दिलेली नाही. माझ्या जन्माआधी एकदा त्यांनी आपला निषेध पायताणाच्या रूपानं मैदानात पाठवला होता. पायताण गेलं ते गेलंच. आबा एका पायात पायताण घालून घरी आले, आणि आजीनं विचारलं तेव्हा म्हणाले, ‘ऑफसाइड होता.’ ते उरलेलं एक पायताण अजून आमच्या माळ्यावर आहे. घराला तीनदा रंग दिला, दोनदा कौलं बदलली, पण ते पायताण हलवायची कुणाची छाती झाली नाही.

तर डिसेंबरात लेकीला घेऊन कोल्हापूरला आलो. दोन दिवस ती गल्लीतल्या पोरींत खेळली आणि ‘मी येतो’, ‘मी जेवतो’ असं कोल्हापुरी बायकांसारखं बोलायला लागली. आबा खूश झाले. म्हणाले, ‘पाणी लागलं पंचगंगंचं.’ रविवारी चारची मॅच होती. आबांचे गुडघे आता गॅलरीच्या पायऱ्या चढू देत नाहीत, त्यामुळं मोहीम माझ्यावर आली. बायकोनं जी पिशवी भरून दिली ती बघून वाटलं, आम्ही पन्हाळ्याला वेढा द्यायलाच निघालोय. टोपी, स्वेटर, पाण्याच्या दोन बाटल्या, कपड्यांचा जोड, आणि कानात घालायला कापूस.

कापूस महत्त्वाचा. आमच्या गॅलरीत शिव्या या विरामचिन्हांसारख्या असतात, त्यांच्याशिवाय वाक्य संपलं हे कळतच नाही.

वाटेत लेकीनं विचारलं, ‘आपली पेठ कुठली?’

‘मंगळवार.’

‘पण आज तर रविवार आहे.’

‘रविवार पेठ वेगळी. आपण मंगळवारचे.’

‘मग आपण रविवारी का जातोय?’

मला तेव्हा सुचायला हवं होतं, की नोकरदार माणसाची खरी पेठ शनिवार-रविवार हीच असते. ती पुढं म्हणाली, ‘आणि पुण्यात आपली पेठ कुठली?’ पुण्यात आम्ही एका सोसायटीच्या फेज टूमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. फेज टूची टीम नाही. फेज वनशी आमचं भांडण आहे, पण ते पाण्याच्या टँकरवरून.

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आमच्या बाजूला बसलो. शेजारच्याला हळूच म्हटलं, ‘भावा, पोरगी हाय बरोबर, जरा...’ त्यानं मान डोलावली आणि पुढच्याच्या पाठीवर थाप मारली, ‘लहान पोरगी हाय रं.’ पुढच्यानं त्याच्या पुढच्याला सांगितलं. निरोप पायरीपायरीनं खालपर्यंत गेला, आणि मग मी जे ऐकलं ते यापूर्वी कोल्हापुरात कुणी ऐकलं नसेल. आमच्या फॉरवर्डनं समोरचा गोल सोडून बॉल आकाशात मारला. माझ्यामागचा धिप्पाड माणूस ताडकन उभा राहिला, ‘अरे तुझ्या आ...’ त्याची नजर लेकीवर गेली. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. ‘...जोबांना नमस्कार सांग!’ असं ओरडून तो खाली बसला आणि घाम पुसू लागला. पुढं तासभर आमच्या बाजूनं ‘ए भोपळ्या!’, ‘अरे शहाण्या मुला!’ आणि ‘तब्येतीला जप!’ अशा आरोळ्या उठत होत्या. समोरच्या गॅलरीला वाटलं असेल, इकडं शाळेचं स्नेहसंमेलन चालू आहे. त्या माणसांच्या मानेच्या शिरा बघवत नव्हत्या. कापूस पिशवीतच राहिला.

लेकीचं मॅचकडं लक्ष नव्हतं. तिला आधी फक्कीच्या पांढऱ्या रेघा आवडल्या. मग हलगी आवडली. हलगी कडाडली की ती उठून नाचायची आणि भडंगाचा पुडा सांडायची. शेजारचा बिचारा दरवेळी ‘असू दे, असू दे’ म्हणत मांडीवरचं भडंग वेचून खायचा. पंधरा-वीस मिनिटांनी ती बसली, मैदानाकडं नीट बघितलं आणि विचारलं, ‘आपले कुठले?’

दाखवले.

‘आणि ते काळे कपडेवाले काका?’

‘तो रेफरी.’

‘तो कुणाचा?’

‘कुणाचाच नाही.’

‘त्यांची पेठ कुठली?’

‘रेफरीला पेठ नसते.’

‘मग ते राहतात कुठं?’

चाळीस वर्षं मी रेफरीला बघतोय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमची समजूत अशी, की रेफरी मॅचच्या आधी पाच मिनिटं जमिनीतून उगवतो आणि त्याचा खर्च पलीकडची पेठ करते. तोही सकाळी दुधाची पिशवी घेऊन कुठल्यातरी गल्लीत शिरत असेल, कुणीतरी त्याला ‘दळण टाकून या’ म्हणत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर तिनं बॉलकडं बघणं पूर्ण बंद केलं. ती रेफरीकडं बघत होती. थोड्या वेळानं तिचा आवाज ओला झाला. ‘बाबा, ते काका सगळ्यांत जास्त पळतात. पण त्यांना कुणी पासच देत नाही.’

मी सांगितलं, त्याचं काम वेगळं असतं. रेघेवर झेंडे घेऊन उभे आहेत ना, ते दोघं त्याचे मित्र. ‘मग ते लांब का उभे आहेत?’ याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेजारच्याला राहवलं नाही. त्यानं मध्ये पडून पायरीवर भडंगातले शेंगदाणे मांडले आणि ऑफसाइड समजावायला घेतलं. हा आपला, हे दोन पलीकडचे, हा गोलकीपर. महाप्रसादाच्या रांगेत कसं, मागनं वाढपी यायच्या आधीच पुढं जाऊन पान मांडून बसायचं न्हाई. लेकीनं ऐकून घेतलं, मैदानाकडं बोट केलं आणि म्हणाली, ‘रेफरीकाका कधीचे पुढं जाऊन उभे आहेत.’ शेजारच्यानं शेंगदाणे खाऊन टाकले.

मग आमच्या हाफनं पलीकडच्याला आडवा केला आणि पिवळं कार्ड निघालं. गॅलरी खवळली. लेकीनं टाळ्या वाजवल्या, कारण काकांच्या खिशातून इतका वेळ काहीच निघालं नव्हतं. विषय बदलावा म्हणून मी गोष्ट सांगितली. केन अ‍ॅस्टन नावाचे एक इंग्लिश रेफरी होते. लंडनमध्ये गाडी चालवताना त्यांना सिग्नल बघून युक्ती सुचली : पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ही कार्डं पहिल्यांदा आली.

‘मग हिरवं कुठाय?’

‘हिरवं नसतं.’

‘सिग्नलला असतं की. चांगलं खेळलं की हिरवं द्यायचं.’

मागचा धिप्पाड माणूस म्हणाला, ‘बरोबर हाय पोरीचं. आमच्या दहा नंबरला द्या हिरवं.’ दुसरा म्हणाला, ‘दहा नंबर तर अख्खी मॅच सिग्नलला थांबल्यागत उभा हाय.’ केन अ‍ॅस्टन यांनी कोल्हापुरात गाडी चालवली असती तर कार्डांची युक्ती सुचलीच नसती हेही खरं. इथं पिवळा दिवा लागला की वेग वाढवायचा असतो.

मॅच संपायला दहाएक मिनिटं असताना आमच्या बॉक्समध्ये धडपड झाली आणि शिट्टी वाजली. पेनल्टी! आमच्या विरुद्ध. गोलपासून अकरा मीटरवर बॉल ठेवला गेला आणि आमच्या बाजूचा तासाभराचा संयम सुटला. कुणी आजोबांना नमस्कार सांगायच्या मनःस्थितीत नव्हतं. दोन मिनिटं मी दोन्ही हातांनी तिचे कान झाकून बसलो. त्यांचा खेळाडू आला, त्यानं बॉल जाळ्यात मारला आणि आमची अख्खी गॅलरी एकदम गप्प झाली. त्या शांततेत मी तिच्या कानांवरचे हात काढले. ही माझी चूक.

ती उठून उभी राहिली आणि दोन दिवसांत कमावलेल्या कोल्हापुरीत, आहे नाही तेवढ्या ताकदीनं ओरडली, ‘रेफरीकाका, नाद खुळा!’

शाहू स्टेडियमच्या जागी पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. ते बुजवलं याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. बुडायची सोय राहिली नव्हती.

चारशे माना वळल्या. दोन पायऱ्या खालून एक फेटेवाले आजोबा उठले. ‘कुणाची रं पोरगी ही?’

मी आबांचं नाव सांगितलं. सांगताना आवाज इतका बारीक झाला की दोनदा सांगावं लागलं. आजोबांनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, मग आकाशाकडं बघितलं. ‘पायताणवाल्याची नात?’ ते म्हणाले. ‘आणि रेफरीकडनं?’ मग ते हसायला लागले. इतके, की फेटा सुटला. त्यांच्यामागून गॅलरीतली बाकीची माणसं हसली. मागच्या धिप्पाडानं तिला खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, ‘एवढ्या गर्दीत रेफरीकडनं एकटी बोलली. काळीज हाय पोरीला.’

आम्ही १-० हरलो.

लोक उतरायला लागले तरी ती हलेना. तिला काकांना भेटायचं होतं. शेवटी जाळीपाशी नेलं. रेफरी घामानं निथळत, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत येत होते. जवळून बघितलं तर माझ्याच वयाचे, डोक्याला तेवढंच टक्कल. पुढं कुणीतरी बोलतंय म्हटल्यावर आधी दचकून बाजूला झाले, मग खाली बघितलं.

‘काका, तुम्ही कुठं राहता?’

त्यांनी मागं गॅलरीकडं बघितलं, बाजूला बघितलं, जाळीपाशी वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘बाळा, हे इथं विचारू नये.’ आणि झपाझप निघून गेले.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आबा सोप्यात बसून होते. रागावले नव्हते, माणूस गंभीर आजारी असल्यावर रागावत नाहीत, तसे. मला म्हणाले, ‘शिडी लाव.’ मी माळ्यावर चढून ते पायताण काढलं. आबांनी धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली, नातीला समोर बसवलं आणि घराण्याचा इतिहास पहिल्यापासून सांगितला. मैदान, गर्दी, शेवटचं मिनिट, गोल, आणि अन्याय. पायताण फेकल्याचा भाग उभं राहून करून दाखवला, गुडघे विसरून.

लेकीनं सगळं ऐकलं आणि आत गेली. कपाटावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, त्यातली एक लालभडक पत्रिका घेऊन ती बाहेर आली, आबांसमोर ताठ उभी राहिली आणि हात सरळ वर केला.

‘ऑफसाइड होता!’ आबा म्हणाले.

हात वरच. दुसऱ्या हाताचं बोट दाराकडं.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. ते उठले, पायताण काखेत मारलं आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. पाचेक मिनिटांनी खिडकीतून आवाज आला, ‘किती वेळ बसायचं?’

‘मॅच संपेपर्यंत.’

‘मॅच कवा संपणार?’

‘मी शिट्टी वाजवल्यावर.’

शिट्टी घरात नव्हती. ती दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडवर घ्यायचं ठरलं होतं.