अर्ध्या इंचातल्या केसरबाई

कागदाचं अंतराळयान करणाऱ्या माणसासमोर 'छान आहे हो' म्हणू नये. नाण्यांच्या किंवा पोस्टाच्या तिकिटांच्या टेबलावर ते खपून जातं. तिथला माणूस आभार मानून पुढचा अल्बम उघडतो. कागदयानवाल्याचा मात्र चेहरा पडतो. छान काय, लग्नाची पत्रिकासुद्धा असते! त्याला हवा असतो प्रश्न, आणि तोही अडचणीत आणणारा.

शाळेच्या हॉलमध्ये भरलेल्या छंद-प्रदर्शनात हा माणूस लांबूनही ओळखू येतो. बोन्सायवाल्या बाई डबा उघडून निवांत जेवत असतात. काडेपेटीची लेबलं जमवणारे गृहस्थ शेजारच्या नाणीवाल्यांशी राजकारण बोलत असतात. हा एकटाच उभा. हात किंचित पसरलेले, एक डोळा गर्दीतल्या लहान मुलांवर, दुसरा छताच्या पंख्यावर.

आमच्या ओळखीचे एक काका या जातीचे. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी केलंय व्हॉयेजर, १:२४ प्रमाणात; म्हणजे खऱ्या यानावरचा एक फूट तो इथे अर्धा इंच. ३.७ मीटरची अँटेना या हिशेबाने पंधरा सेंटिमीटरांत आटोपली, इथवर ठीक. पण या यानाला चुंबकमापकाची १३ मीटर लांब दांडी आहे. काकांकडे ती चोपन्न सेंटिमीटर भरते आणि टेबल ओलांडून थेट येण्याजाण्याच्या वाटेत शिरते. खऱ्या यानाची दांडी डब्यात मिटवून पाठवली होती, ती अंतराळात गेल्यावर उलगडली. काकांच्या दांडीला ती सोय नाही. ती घरूनच उलगडलेली निघते, रिक्षात काकूंच्या मांडीवरून आडवी. वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला काकू दांडी उचलून धरतात आणि काका रिक्षावाल्याला 'सावकाश' म्हणतात. रिक्षावाल्याला वाटतं, काकूंची तब्येत बरी नाही.

प्रदर्शनात येणारे प्रश्न ठरलेले. "हे चांद्रयान ना?" "उडतं का?" "केवढ्याला द्याल?" "आमच्या चिंटूला प्रोजेक्टसाठी दोन दिवस मिळेल?" हे सगळं काका सोसतात. "थ्रीडी प्रिंटरवर काढलंय का?" एवढा एक प्रश्न मात्र त्यांना सोसत नाही. मग समोरच्याला हाताला धरून टेबलाच्या मागे नेतात आणि कडा दाखवतात.

कडा हे काकांचं खरं दुखणं. कागद कापला की कडेला पांढरी रेघ उघडी पडते. यानाचं धड दहा बाजूंचं, काळ्या आवरणात गुंडाळलेलं. त्यावर पांढरी रेघ म्हणजे काळ्या कोटावर सांडलेलं दही. म्हणून जोडण्याआधी प्रत्येक तुकड्याची कड काका काळ्या स्केचपेनने रंगवून घेतात. घडीची रेघ पाडायला शाई संपलेलं बॉलपेन, फेव्हिकॉल लावायला टाचणीचं टोक. त्यांच्या घरात संपलेलं पेन कोणी टाकत नाही, चालू पेन मात्र वेळेवर सापडत नाही.

या सगळ्यात त्यांचा जीव की प्राण म्हणजे धडावर बसवलेली सोनेरी तबकडी. परग्रहावर कोणी भेटलंच तर त्याला ऐकवायला पृथ्वीवरचं संगीत दोन्ही व्हॉयेजरवर पाठवलं होतं, आणि त्यात गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. हे सांगताना काकांचा आवाज खाली येतो. "व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. अकरा दिवसांचं अंतर!" ऐकणारा वाकून तबकडीकडे बघतो आणि विचारतो, "पण यात त्या कुठे दिसत नाहीत." काका डोळे मिटून घेतात.

शनिवारी दुपारी टेबलापाशी एक गृहस्थ आले. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढलेले, हे नंतर कळलं. छान म्हणाले नाहीत. उडतं का, हेही विचारलं नाही. बराच वेळ नुसते बघत राहिले, मग तबकडीकडे बोट करून म्हणाले, "खरी केवढी?"

"बारा इंच."

"म्हणजे इथे अर्धा इंच. बारा पॉइंट सात." आणि शर्टाच्या खिशातून त्यांनी व्हर्नियर काढला. "टेकवू?"

यानापासून वीतभर अंतरावर आलेल्या बोटालाही हुसकावणारे काका म्हणाले, "टेकवा."

गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि रीडिंग घेतलं. "तेरा. पॉइंट तीन जास्त आहे."

शेजारचे नाणीवाले बोलायचे थांबले. आता काका रागावणार, अशी सगळ्यांची खात्री. काकांनी मनातल्या मनात गुणाकार केला. "म्हणजे खऱ्या यानावर सात मिलिमीटर."

"सात पॉइंट दोन," गृहस्थ म्हणाले.

काकांचा चेहरा असा खुलला, की काकूंनी डबा खाली ठेवला. इतक्या प्रदर्शनांतून इतक्या लोकांनी कौतुक केलं होतं, पण ते यान मोजण्याच्या लायकीचं आहे असं कोणालाच वाटलं नव्हतं. काकांनी स्वतःची खुर्ची गृहस्थांना दिली. मग अँटेना मोजली, दहाही बाजू मोजल्या. दांडी मोजायला व्हर्नियर अपुरा पडला, तेव्हा बोन्सायवाल्या बाईंकडून टेप आणला. एकूण चार चुका निघाल्या. प्रत्येक चूक काकांनी वहीत अशा हौसेने टिपून घेतली, जणू मुदत ठेवीवरचं व्याज जमा होत होतं.

रविवारी यानावर तबकडी नव्हती. तिच्या जागी चिठ्ठी: 'दुरुस्तीसाठी काढली आहे.' टेबलामागे आता दोन खुर्च्या होत्या आणि 'बाळ, हात नको' हे काकांपेक्षा ते गृहस्थच मोठ्याने म्हणत होते. मधूनमधून दोघं वहीत डोकं घालत. पुढचं यान १:१२ करायचं ठरत होतं. आकार दुप्पट झाला की तेवढीच चूक प्रमाणात निम्मी भरते, असा गृहस्थांचा मुद्दा होता आणि तो काकांना बिनतोड वाटला.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मनातल्या मनात दांडी दुप्पट केली, एक मीटर आठ सेंटिमीटर. मग दोघांनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "अहो, टेम्पोवाल्याचा नंबर आहे का तुमच्याकडे?"