जी दिसते, ती उडवा

नवी एसएसडी कालपर्यंत जुन्या ड्राइव्हशेजारी गुण्यागोविंदाने नांदत होती. आज लॅपटॉप तिला ओळखच दाखवत नाही. अशा वेळी तज्ज्ञांचा तुटवडा कधीच नसतो. दुरुस्तीवाला सांगतो, "विंडोज उडालीय, फॉरमॅट मारू." जी ड्राइव्ह दिसतच नाही ती फॉरमॅट कशी करणार, हे विचारायची सोय नाही. शेजारचे इंजिनिअर काका थेट मदरबोर्ड बदलायला सांगतात. सल्ला त्यांचा, पैसे आपले.

आधी बायोस उघडून बघावं, हे कुणी सुचवत नाही. तिथे ड्राइव्हचं नाव असेल आणि विंडोजमध्ये नसेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती 'ऑफलाइन' पडली आहे का, ड्राइव्ह लेटर गेलंय का, ते तपासायचं. बायोसमध्येही पत्ता नसेल, तर लॅपटॉप बंद करून, मागचं झाकण काढून बॅटरीची जोडणी सोडवायची. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब अशी ती पट्टी एका चिमुकल्या स्क्रूच्या भरवशावर असते. स्क्रू ढिला झाला की तिचं टोक वर येतं आणि सोनेरी पिना स्लॉटमध्ये नीट टेकत नाहीत. पट्टी काढायची, तिरकी घालून पुन्हा बसवायची, स्क्रू बेताने आवळायचा.

पण स्क्रू आवळण्याचं बिल लावणार किती? त्यापेक्षा दिसणारी जुनी ड्राइव्हच फॉरमॅट होते, पावतीवर 'सॉफ्टवेअर प्रॉब्लेम' असं लिहिलं जातं आणि लग्नाचे फोटो वैकुंठाला जातात. कामाची गॅरंटी मात्र पक्की: दुकानाचा उंबरठा ओलांडेपर्यंत.