इतर परिस्थिती स्थिर असताना

अकाउंट्सच्या पाठ्यपुस्तकातला व्यापारी हा मराठीतला सर्वांत सोशिक नायक आहे. १ एप्रिलला तो रोख ५०,००० रुपये, थोडं फर्निचर आणि माणसांवरचा अमाप विश्वास घेऊन धंदा सुरू करतो. ३ तारखेला उधारीवर माल घेतो, ५ तारखेला तो उधारीवरच विकतो. १० तारखेला ज्याला विकला तो नादार निघतो आणि त्याच्याकडून रुपयाला ६० पैसे येतात. १४ तारखेला गोदामाला आग लागते. १५,००० चा माल जळतो, विमा कंपनी ९,००० चा दावा मान्य करते. १८ ला रोखपाल पैसे घेऊन पसार होतो. २० ला हा गृहस्थ धंद्यातून ५०० रुपये उचलून मुलाची कॉलेजची फी भरतो (मुलगाही बहुधा कॉमर्सलाच असावा). ३० तारखेला पगार आणि भाडं चुकतं करून महिना संपवतो. हूं नाही की चूं नाही. प्रत्येक नोंदीखाली कंसात फक्त एक ओळ: ‘माल आगीत जळाल्याबद्दल’, ‘रोखपालाने रोख रक्कम चोरल्याबद्दल’. एवढ्या संयमानं दुःख लिहिणारा लेखक मला पुढे वाचनातही भेटला नाही.

या गृहस्थांची आणि माझी ओळख सांगलीत, अकरावीला झाली. दहावीनंतर नातेवाईक आधी मार्क विचारतात आणि मग शाखा. सायन्स म्हटलं की ‘मेडिकल का इंजिनिअरिंग?’, आर्ट्स म्हटलं की ‘एमपीएससी करणार असेल’, आणि कॉमर्स म्हटलं की जरा थांबून, आपण आजारी असल्यासारखं, ‘बरं, बरं. बँकेत लागेल.’ मुंबईला सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघालं, पुण्याला बृहन्महाराष्ट्र कॉलेज ऑफ कॉमर्स १९४३ साली. पण या विद्येची प्रतिष्ठा माझ्या मावशीपर्यंत अजून पोचायची होती.

विषय चार महत्त्वाचे: पुस्तपालन, अर्थशास्त्र, ओसी आणि एसपी. शेवटच्या दोघांची पूर्ण नावं वाणिज्य संघटन आणि चिटणिसाची कार्यपद्धती. पण त्या नावांनी त्यांना छापणारे सोडून कुणीच हाक मारत नसे.

पुस्तपालनाचे सर पहिल्याच दिवशी तीन नियम घोकून घेत. घेणारा नावे, देणारा जमा. येतं ते नावे, जातं ते जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. पाढ्यांसारखे म्हणायचे, अर्थ दिवाळीनंतर कळेल, असं सरांचं आश्वासन होतं. मी दिवाळीची वाट न बघता ते घरी लागू केले. बाबा बँकेत पैसे भरून आले होते. मी म्हटलं, ‘‘बाबा, हे आपल्या वहीत बँकेच्या नावे पडले.’’ त्यांनी पासबुक काढून जमेचा रकाना दाखवला. मी समजावलं की पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल. तिच्या दृष्टीनं तुम्ही देणारे, म्हणून तुम्ही जमा. आपल्या दृष्टीनं ती घेणारी, म्हणून ती नावे. बाबांनी दोन-तीनदा पासबुक उलटसुलट केलं. मग चपला घालून पुन्हा बँकेत गेले आणि पैसे आहेत ना एवढं विचारून आले.

खरी पंचाईत काकांच्या अडत दुकानात झाली. मार्केट यार्डात हळदीची अडत, लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबोडक्या वह्या, लक्ष्मीपूजनाला त्यांची पूजा, आणि गादीवर मांडी घालून बसलेले दिवाणजी. दिवाणजींचं शिक्षण सातवी. काकांच्या भाषेत ‘जुनी सातवी’, म्हणजे नव्या बी.कॉम.च्या वर. मी माझी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

‘‘बाळ, हे सगळं उलटं लिवलंयस की.’’

आणि त्यांच्या बाजूनं ते खरंच उलटं होतं. आपल्या देशी नाम्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी पद्धतीत नेमकं फिरवून. म्हणजे ज्या बाजूला सर बरोबरची खूण करत, तिथे दिवाणजी खेदानं मान हलवत. गंमत अशी की दोघांच्याही बेरजा शेवटी जुळायच्या. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशानं आपल्या गणिताच्या पोथीत दुहेरी नोंदीची पद्धत छापली. पुढे याच पाचोलीच्या दुसऱ्या पुस्तकासाठी लिओनार्दो द विंचीनं आकृत्या काढून दिल्या. ज्यानं घरदार, धनदौलत सोडण्याची शपथ घेतली, त्यानं जगाला हिशेब ठेवायला शिकवावं यात मला काही विसंगती वाटत नाही. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब शांत डोक्यानं होतो.

परीक्षेत सगळं महाभारत ताळेबंदाशी येऊन थांबे. तेरीज दिलेली, खाली समायोजना: अखेरचा शिल्लक माल अमुक, यंत्रावर १० टक्के घसारा, मजुरी देणे बाकी, संशयित बुडीत कर्जासाठी तरतूद. अडीच पानं लिहायची आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा एक आल्या तर जगात न्याय आहे. नाही आल्या तर शोध सुरू. सरांनी दोन मंत्र दिले होते. फरकाला दोननं भागा, तेवढी रक्कम चुकीच्या बाजूला बसली असेल. फरकाला नऊनं भाग गेला तर कुठे तरी ५४ चे ४५ झालेत. ही दुसरी युक्ती मला आजही जादू वाटते. कुठल्याही दोन आकड्यांची अदलाबदल करा, नऊ काही पाठ सोडत नाही. वर्गातले हुन्नरी लोक मात्र मंत्राबिंत्राच्या फंदात न पडता फरक सरळ ‘किरकोळ खर्चा’त ढकलून मोकळे होत. एकाच्या उत्तरात किरकोळ खर्च एकूण भांडवलापेक्षा जास्त निघाला. सरांनी वर लिहिलं होतं, ‘हा सढळ हात आवरा.’ तो मुलगा आज करसल्लागार आहे.

आम्ही अकरावीत बसलो ते वर्ष २००५. कॉलेज सुरू होऊन वह्यांना कव्हरं घालून होतात तोच कृष्णेला पूर आला. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे; तिथे जमिनीखाली पेवं असायची, खोल खणलेली, आणि हळद त्यांत वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. त्या पुरानं पेवांत पाणी शिरलं आणि पेवंच्या पेवं गेली. कॉलेज पुन्हा भरलं तेव्हा सरांनी फळ्यावर तेच पुस्तकातलं उदाहरण काढलं, ‘१४ तारखेला आगीत...’ एवढं लिहून थांबले, ‘आगीत’ पुसलं आणि ‘पुरात’ लिहिलं. मागच्या बाकावर एका पेववाल्याचा मुलगा होता. त्यानं विचारलं, ‘‘सर, विमा कंपनीची ओळ कधी येते?’’ पुस्तकात ती त्याच वाक्यात येते. सरांनी गणित तिथेच सोडलं आणि हजेरी घेतली, जी आधी घेऊन झाली होती.

अर्थशास्त्राच्या मॅडमचा स्वभाव वेगळा. त्यांचं प्रत्येक वाक्य एका मंगलाचरणानं सुरू होई: ‘इतर परिस्थिती स्थिर असताना.’ इतर परिस्थिती स्थिर असताना किंमत वाढली की मागणी घटते. इतर परिस्थिती स्थिर असताना एकेक नग खात गेलं की समाधान कमी होत जातं. पहिल्या सफरचंदाची उपयोगिता १०, दुसऱ्याची ८, असं करत सहाव्याची शून्य, आणि सातवं खाल्लंच तर उणे २. हा घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत. आल्फ्रेड मार्शलनं तो १८९० च्या आपल्या ग्रंथात नीट मांडला, म्हणून पुस्तकात त्याचं नाव. त्याच्या आधी, १८५४ साली, गोसेन नावाच्या एका जर्मन सरकारी नोकरानं तोच विचार लिहून ठेवला होता. पण पुस्तक खपेना, तेव्हा बिचाऱ्यानं उरलेल्या प्रती परत घेतल्या. त्याच्या बाबतीत पहिल्याच नगाची उपयोगिता शून्य होती.

हा सिद्धांत मी भडंगावर तपासला. सांगलीत सफरचंदापेक्षा तेच हाताशी असतं. पहिल्या मुठीपेक्षा दुसरी बरी लागते, दुसरीपेक्षा तिसरी, आणि उणे दोनची वेळ येण्याआधी डबा संपतो. मॅडम म्हणाल्या, अपवादांचा परिच्छेद वाच. अपवाद होते: छंद, संगीत, वाचन, कंजूष आणि दारुडा. अर्थशास्त्रानं ग्रंथप्रेमी आणि दारुडा यांना एकाच बाकावर बसवलं होतं आणि खाली तळटीप दिली होती की हे अपवाद खरे नव्हेत, आभासी आहेत. माझ्या मावशीचाही त्यात समावेश व्हायला हवा होता. सोनं वाढलं की मागणी घटावी असा नियम. ती मात्र भाव चढला की गुरुपुष्य बघून निघायची. ‘‘आणखी वाढायच्या आत घेऊन ठेवते,’’ म्हणायची. भाव उतरला की, ‘‘आणखी उतरू दे.’’ मागणीच्या नियमाला अपवाद म्हणून पुस्तकात गिफेनचं नाव आहे. आमच्याकडे तो मान मावशीचा होता.

आणि ही ‘इतर परिस्थिती’ म्हणजे कोण, हे मला दोन वर्षांत मॅडमनी सांगितलं नाही. आमच्या घरी ती म्हणजे आजी. ती कधी स्थिर नव्हती.

ओसीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फेयॉलची १४ तत्त्वं होती. त्यांतलं एक, प्रत्येक कामगाराला एकाच वरिष्ठानं आदेश द्यावा. आई, बाबा आणि आजी यांच्यासमोर मी ते मोठ्यानं वाचलं आणि तिघांनी मिळून मला गिरणीत पाठवलं.

एसपी मात्र माझ्या आवडीचा. बारावीत त्यात पत्रं असत. आपण कंपनीचे चिटणीस, आणि सभासदांना, ठेवीदारांना पत्रं लिहायची: भाग मिळाल्याचं, भाग न मिळाल्याबद्दल दिलगिरीचं, व्याज पाठवल्याचं, ठेवीची मुदत संपल्याचं. सौजन्य, अचूकता, तत्परता, गुप्तता हे गुण पत्रात दिसले पाहिजेत. सतराव्या वर्षी, अर्ध्या चड्डीत, रात्री अकरा वाजता मी शेकडो अनोळखी लोकांना ‘आपण आमच्या कंपनीवर दाखवलेल्या विश्वासाबद्दल संचालक मंडळ आपले आभारी आहे’ असं कळवत होतो. इतक्या सभ्य भाषेत मी त्यानंतर कुणाशीच बोललेलो नाही.

त्याच सुमारास गावातल्या एका पतसंस्थेत आजीची ठेव अडकली होती. मुदत संपून महिने लोटले तरी संस्थेकडून पत्र नाही, फोन नाही. गेलं की ‘पुढच्या आठवड्यात या.’ आजी दर आठवड्याला जाई. इकडे मला ‘मुदत संपलेल्या ठेवीची परतफेड’ हे पत्र सरावाला लिहायचं होतं. ठेवीदाराचं नाव काय घालावं? सुचेना, म्हणून आजीचं घातलं. पत्ता आमचाच. कंपनीचं नाव ‘क्ष कंपनी लिमिटेड’. खाली सही: चिटणीस. मजकूर आदर्श होता. ‘आपल्या ठेवीची रक्कम व्याजासह सोबतच्या धनादेशाने पाठवीत आहोत. कृपया पोच द्यावी.’

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर वही टेबलावर नव्हती आणि आजी घरात नव्हती.

पुढचं मला तिथल्या क्लार्ककडूनच नंतर कळलं. आजीनं काउंटरवर वही आपटली. ‘‘हे तुमचं पत्र. चेक कुठाय?’’ क्लार्कनं वाचलं. तोही कॉमर्सचाच, गावातल्याच कॉलेजातला. त्याला ओळख पटायला दोन ओळी पुरल्या.

‘‘आजी, हे आमचं नाही. ही कंपनी आहे. आपली सहकारी संस्था.’’

‘‘नाव माझंय का नाही?’’

‘‘नाव तुमचंय.’’

‘‘पत्ता?’’

‘‘तुमचाच. पण आजी, संदर्भ क्रमांक कुठाय? ठेव पावतीचा नंबर नाही. आणि ‘सोबत: धनादेश’ असं खाली डावीकडे लिहावं लागतं, ते राहिलंय.’’ एवढं बोलून त्या भल्या माणसानं सवयीनं खिशातलं लाल पेन काढलं, तिन्ही जागी गोल केले आणि समासात गुण मांडले.

संध्याकाळी आजी आली, पाणी प्यायली, वही माझ्यापुढे टाकली.

‘‘मिळाले पैसे?’’ मी विचारलं.

‘‘ते पुढच्या आठवड्यात,’’ आजी म्हणाली. ‘‘पाचापैकी तीनच दिलेत त्यानं. दोन मार्क कुठं घालवलेस ते आधी सांग.’’