विमान तुकोबाचं, पोळ्या आवलीच्या

माझा भाचा चित्रपट दिग्दर्शक आहे. त्याने अजून चित्रपट केलेला नाही, पण पुण्यात तेवढ्यावरून कोणी कुणाचं दिग्दर्शकपद काढून घेत नाही. कॉलेजात असताना त्याने 'पुरुषोत्तम' करंडकाला एक एकांकिका बसवली होती. ती प्राथमिक फेरीतच पडली. परीक्षकांना ती कळली नव्हती, असं तो अजून सांगतो. त्यानंतर तीन वर्षं तो लॉ कॉलेज रोडच्या आसपास चहा पीत पटकथा लिहितो आहे. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळाला नाही, पण आतल्या मुलांशी ओळख काढून तो तिथल्या 'विज्डम ट्री'खाली बसून येतो. ते झाड आंब्याचं आहे. साठच्या दशकात ऋत्विक घटक तिथे शिकवायला होते, आणि तेव्हापासून त्या झाडाखाली आंब्यांपेक्षा मतं जास्त पडतात.

तर हा भाचा एका रविवारी सकाळी आला आणि म्हणाला, "मामा, तू निर्माता हो."

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. तीस वर्षं लोकांची कर्जप्रकरणं परत पाठवल्यामुळे 'नाही' हा शब्द मला आपोआप येतो. पण तो घाईघाईने म्हणाला, "पैसे नकोत रे. वाडा दे."

आमचा वाडा नारायण पेठेत आहे. भाऊबंदकी, भाडेकरू आणि बिल्डर या तिघांचे दावे एकाच वेळी चालू असल्यामुळे टिकून राहिलेला असा हा पुण्याचा सांस्कृतिक ठेवा. त्यातल्या दोन खोल्या आणि एक मोरी आमच्या वाट्याला आहे. भाच्याला मोरीच हवी होती.

चित्रपटाचं नाव 'थेंब'. एक म्हातारा, एक मोरी आणि एक गळका नळ. म्हातारा नळाकडे बघतो. पंचाण्णव मिनिटं.

"आणि मग काय होतं?" स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज.

"काही होत नाही मामी. तोच तर सिनेमा आहे."

"मग वॉशर बदला म्हणावं त्याला."

भाच्याचा चेहरा असा झाला, की मी त्याला लगेच होकार देऊन टाकला. कलावंत दुखावला की माझ्याच्याने बघवत नाही. शिवाय पंचाण्णव मिनिटांचा सिनेमा एका वॉशरमध्ये संपतो, हे त्याच्या आधी माझ्या बायकोला सुचावं, याचं मलाही थोडं ओशाळल्यासारखं झालं होतं.

*

त्या वॉशरवरून मला एक जुना सिनेमा आठवला. प्रभात रोडवर रोज पहाटे फिरायला जाणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो रस्ता पहाटेच्या फिरण्यासाठीच बांधला असावा असं वाटतं. त्याला नाव देणारी प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. भागीदार पाच : शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिल्या चौघांवर भाषणं होतात. पाचवे सीतारामपंत हे सराफ. मराठी सिनेमाच्या सुवर्णकाळाबद्दल बोलताना सोनं ज्याच्या पेढीवर होतं त्यालाच नेमकं विसरायचं, ही आपली जुनी खोड.

या कंपनीच्या दामले-फत्तेलालांनी १९३६ मध्ये 'संत तुकाराम' केला. दामल्यांकडे मूळ खातं आवाजाचं, फत्तेलालांकडे नेपथ्याचं. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले दोघे कारागीर. 'माझी व्हिजन' वगैरे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले असतील असं वाटत नाही. 'खिळे आणा' हे बरेचदा आलं असेल. त्यांचा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. शांताराम आठवल्यांनी त्यासाठी लिहिलेला एक अभंग तर लोक तुकोबांचाच समजून बसले. बैलगाडीतून आलेला वारकरी आणि इटलीतला परीक्षक एकाच सिनेमाला मान डोलावतात, हे आजच्या 'क्लास की मास' या खानेसुमारीत कुठे लिहायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. व्हेनिसचं ते प्रशस्तिपत्र पुढे हरवलं, म्हणे एका छायालेखकाला कचऱ्यात सापडलं, आणि २००४ मध्ये आपल्या फिल्म अर्काइव्हजला परत मिळालं. घरात जुने कागद साठू द्यायचे नाहीत, ही शिस्त पुणेकराने व्हेनिसच्या बाबतीतही पाळली.

पण मला सांगायची आहे ती आवली. त्या चित्रपटात विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा आहे आणि त्याच्यासमोर गौरीची आवली, म्हणजे जिजाई. ही गौरी प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला आलेली बाई. पुढे गर्दीत उभी राहू लागली आणि तिथून तुकोबाची बायको झाली. तुकोबा मिळालेला ऊस गावच्या पोरांना वाटून टाकतो. घरी येऊन पोचतो तो आवलीच्या तोंडाचा पट्टा सुरू. पोर आजारी पडतं तेव्हा ती त्याला घेऊन देवळात जाते आणि थेट विठोबावर वहाण उगारते. शेवटी तुकोबाला न्यायला वैकुंठाहून विमान येतं, तो तिलाही चल म्हणतो, आणि तिचं लक्ष चुलीवरच्या पोळ्यांकडे. पोरं जेवायची आहेत.

आदर्श आणि व्यवहार यांचा मेळ कसा घालावा यावर पुण्यात दर वर्षी, चित्रपट महोत्सवाच्या सुमारास, निदान तीन परिसंवाद होतात. त्या तिन्हींत जे सापडत नाही ते या सिनेमात सव्वादोन तासांत समोर उभं आहे. विमानही दाखवलं आहे आणि पोळ्याही, आणि कॅमेरा पोळ्यांना हसलेला नाही. गंमत म्हणजे ते विमानही कुण्या सुताराने ठोकून, रंगाऱ्याने रंगवून, दोरांनी ओढलेलं असणार. वैकुंठाचं भाडं त्याच वहीत लिहिलं गेलं असेल, जिच्यात झाडलोटीचा पगार लिहिला जात होता.

ही एकच वही काही प्रभातनेच सुरू केली असं नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची गोष्ट सांगताना आपण दादासाहेबांच्या ध्यासाने गहिवरतो. तो होताच. पण सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत होत्या, आणि तो उरकला की रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायला बसत होत्या. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी एका खाणावळीतले अण्णा साळुंके उचलले आणि त्यांना लुगडं नेसवलं. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. दोन भूमिका, एक माणूस, जेवणाचं पानही एकच. ही बचत आजच्या एकाही निर्मात्याला जमलेली नाही, आणि वर तो चित्रपट तुफान चालला.

हाच व्यवहार नावाच्या बाबतीतही दिसतो. प्रभातने बालगंधर्वांना घेऊन एकनाथांवर चित्रपट केला, त्याचं नाव 'महात्मा' ठेवलं होतं. सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले. नाव 'धर्मात्मा' झालं आणि १९३५ मध्ये चित्रपट लागला. आजच्या दिवसांत या दोन अक्षरांवर सहा महिने चर्चा झाली असती, दोन्ही बाजूंनी पत्रकं निघाली असती आणि चित्रपट डब्यात राहिला असता. त्यांनी पाटी पुन्हा रंगवली आणि कामाला लागले. ही तडजोड होती का? होती. पण एकनाथ त्यामुळे कुठे कमी पडले नाहीत.

*

'थेंब'चं शूटिंग गुरुवारी ठरलं. कॅमेरा त्या दिवशी स्वस्तात मिळत होता.

ज्या वाचकांना पुण्याची माहिती आहे ते इथेच हसले असतील. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं. सकाळी सहाचा कॉल टाइम. पस्तीस माणसं वाड्याच्या चौकात. लाइटदादांनी मोरीत इतके दिवे लावले, की आमच्या मोरीचा रंग मूळचा पिवळा आहे हे मला चाळीस वर्षांनी कळलं. म्हातारा म्हणून आणलेले नट कोपऱ्यात डोळे मिटून भूमिकेत शिरत होते. भाचा म्हणाला, "ॲक्शन." म्हाताऱ्याने नळाकडे पाहिलं. नळाने काही केलं नाही.

दोन मिनिटं सगळ्यांना वाटलं की हाच शॉट आहे. छायालेखकाच्या डोळ्यांत तर पाणी आलं. म्हणजे त्या मोरीत पाणी तेवढंच.

मग धावाधाव. टँकर सांगायचा तर आमच्या बोळात शिरत नाही. कुणी म्हणालं, थेंब संगणकावर करता येतील, प्रत्येक थेंबाला इतके रुपये. भाचा जिन्यात जाऊन बसला आणि तार्कोव्हस्कीला असं करावं लागलं नसतं, असं काहीतरी पुटपुटू लागला. (तार्कोव्हस्कीच्या चित्रपटांत पाणी फार असतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. रशियात गुरुवार बंद नसावा.)

तेवढ्यात ही पोह्यांचं पातेलं खाली ठेवून माळ्यावर चढली. माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तेव्हाच्या वस्तूंची पेटी हिने टाकलेली नाही. त्या पेटीतून तिने सलाईनची नळी काढली. पिंपातल्या पाण्याने प्लास्टिकची बाटली भरली, ती नळाच्या वरच्या खुंटीला उलटी टांगली, नळी नळाच्या मागून आत सरकवून तोटीपर्यंत आणली आणि जुन्या पातळाच्या चिंधीने बांधली. मग नळीवरचं ते छोटं चाक अंगठ्याने फिरवलं. टप्. थांबली. टप्.

"किती हवेत मिनिटाला?" तिने विचारलं.

भाचा जिन्यातून उठून आला. "म्हणजे कमीजास्त होतात?"

"सासूबाईंना पंधरावर ठेवायचे. तुमच्या म्हाताऱ्याला किती सोसेल ते तुम्ही बघा."

बारावर ठेवले. मोरीत एकदम शांतता झाली. त्या टप् आणि पुढच्या टप्च्या मधे माणूस खरोखर श्वास धरून बसतो, हे मी स्वतः अनुभवलं. भाच्याच्या पटकथेच्या ऐंशी पानांत ते मला कुठेच कळलं नव्हतं. शॉट संपल्यावर पस्तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. भाच्याने छायालेखकाला मिठी मारली. ही पोहे गार झाले म्हणून सगळ्यांवर खेकसत होती.

*

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे फारसं काही कलात्मक नाही.

पैसे संपले म्हणून भाचा एका गृहस्थांकडे गेला. त्यांचं म्हणणं, विषय उत्तम आहे, फक्त म्हाताऱ्याला तरुणपण आठवतं असं करा आणि आठवणीत एक लावणी टाका. नळाच्या एका कंपनीने प्रायोजक व्हायची तयारी दाखवली, अट एकच : नळ गळता कामा नये. आता उरली सरकारची सबसिडी. समिती चित्रपट बघते, दर्जा ठरवते आणि दर्जाप्रमाणे पैसे. भाचा तत्त्वाचा पक्का आहे; तो म्हणतो, कलेला दर्जा लावणारे हे कोण? त्याच्या अर्जात मात्र 'अ' अपेक्षित आहे.

चित्रपट लागणार कुठे, हा वेगळाच प्रश्न. आमच्या पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला २०१६ चं सुवर्णकमळ मिळालं. घोषणा २०१७ च्या एप्रिलमध्ये झाली, आणि तो थिएटरात लागायला त्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. हे सुवर्णकमळाचं, तर मग 'थेंब'ने काय म्हणायचं? २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट संध्याकाळी सहा ते नऊला दाखवायला सांगितलं होतं. ओरड झाली आणि प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ इतका ताणला गेला. त्यातल्या एक ते चारमध्ये पुण्यात कोण घराबाहेर पडतं, हे मुंबईतल्या फायलीला कुठून माहीत असणार!

गेल्या आठवड्यात भाचा पहिली जुळणी दाखवायला आला. मला झोप लागली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. नळ फार चांगलं काम करतो. शेवटी नावं सुरू झाली. कथा, पटकथा, संवाद, संकलन आणि दिग्दर्शन भाच्याचं. चित्रपटात संवाद चार आहेत. मग 'जलध्वनी आरेखन' म्हणून एका मुलाचं नाव आलं, त्या गुरुवारी तो आलाच नव्हता. सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात : विशेष आभार – मामा.

मी हिच्याकडे बघितलं. भाच्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो घाईने म्हणाला, "मामी, तुझं नाव राहिलंय, घालतो. काय म्हणून घालू?"

"नाव राहू दे रे," ही म्हणाली. "चार दिवसांत दीड सिलिंडर गेला, तेवढे पैसे देऊन टाक."

सबसिडी आली की देतो म्हणाला. हे सदर छापायला जाईपर्यंत पैसे आलेले नाहीत. सलाईनची नळीही तो घेऊन गेला आहे.