एका संख्येचे कुलशील

२ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या हाती येते. ती मराठीत वाचायची झाल्यास पंचाईत होते, कारण भास्कराचार्यांच्या लीलावतीतील एक, दश, शतपासूनची अठरा स्थाने परार्धापाशी संपतात आणि ही संख्या त्याच्याही तीन घरे पुढे गेलेली असते. तेव्हा ‘सुमारे चौदाशे पंचाहत्तर परार्ध’ म्हणून सुटका करून घ्यावी.

जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज विभाजक नसतो ती मूळ संख्या, आणि इतर विभाजक असतात ती संयुक्त संख्या. पॅरिसमधील मिनिम पंथाचे साधू मारँ मर्सेन यांनी १६४४ साली, २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना अशी वजाबाकी मूळ संख्या देते, त्यांची यादी छापली. तीत ६७ होता, सिद्धता मात्र नव्हती. साधूवर अविश्वास दाखवणे शिष्टाचाराला धरून नसल्यामुळे म्हणा, किंवा एवढे भागाकार करण्याची कोणाची तयारी नसल्यामुळे म्हणा (दुसरे कारण अधिक पटते), ही संख्या पुढे दोनशे बत्तीस वर्षे मूळ म्हणून मिरवली.

१८७६ साली एदुआर ल्यूका यांनी ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले, पण त्यांच्या कसोटीने विभाजक एकही हाती लागला नाही. स्थळात खोट आहे असे ठामपणे सांगून ती कोणती हे न सांगणाऱ्या दूरच्या मामांसारखी ही सिद्धता होती. फरक इतकाच की ल्यूका यांचे म्हणणे खरे होते.

या संख्येचा प्रत्येक विभाजक १३४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांतच असावा लागतो, हे ठाऊक होते. पण ती रांग एकेक करून तपासायची तर १४,४५,५८० व्या जागेपर्यंत जावे लागते. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी विभाजक मांडले. गणितज्ञांच्या कथा लिहिणारे ई. टी. बेल यांच्या सांगण्यानुसार कोल एक शब्दही न बोलता फळ्याशी गेले, घात काढून १ वजा केला, बाजूला दोन संख्यांचा गुणाकार केला आणि उत्तरे जुळताच जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्या वाजवल्या. यामागे तीन वर्षांचे रविवार खर्ची पडल्याचेही बेल सांगतात. बेल यांचा हात रंग भरण्यात सढळ असल्याने मौन थोडे कमी धरावे, गुणाकार मात्र निर्विवाद आहे. विद्वत्सभांनी कोल यांच्या वक्तृत्वशैलीचे अनुकरण केले नाही, ही खेदाची बाब होय.

शंकेखोर वाचकाने ७६१८३८२५७२८७ ला १९३७०७७२१ ने स्वतः गुणून पाहावे. गुणाकाराच्या ओळी नऊ दिसत असल्या, तरी एक शून्याची, दोन एकाच्या आणि तीन सातच्या असल्यामुळे खरे कष्ट चारच ओळींचे आहेत. हातचे तेवढे जपावेत.