फूट पाडणाऱ्या साहेबांस

प्रति,
व्यवस्थापन, अमेरिकन एअरलाइन्स,
फोर्ट वर्थ, टेक्सास

साहेब,

पत्राच्या आरंभी ‘स. न. वि. वि.’ लिहिण्याची आमच्याकडे पद्धत आहे. या पत्रात ती पाळत नाही, कारण नमस्कार मनापासून करायचा असतो आणि तुमच्यासाठी तो मनातून येत नाही.

मार्च 2014च्या अखेरीस तुमच्या मालकीच्या एन्व्हॉय एअरच्या वैमानिकांनी पगाराच्या करारावर मतदान केले. सुमारे 70 टक्के मते विरोधात पडली, 30 टक्के बाजूने. एकाच कॉकपिटमध्ये शेजारी बसणारी दोन माणसे दोन बाजूंना गेली. त्याआधीच तुमच्याच दुसऱ्या कंपनीचे, पीएसएचे वैमानिक तसाच करार मान्य करून मोकळे झाले होते आणि त्यांच्याकडे बाकीचे वैमानिक घरभेदी म्हणून बघत होते. वैमानिकांत फूट पडली, असे सगळे म्हणाले. ती पाडली कुणी, हे म्हणायचे राहून गेले. ते मी म्हणतो: ती तुम्ही पाडली.

तुम्हाला ठाऊक असलेलेच थोडे सांगावे लागेल, कारण पत्र खुले आहे आणि मराठीत आहे. आमची मुले शिकायला अमेरिकेत येतात. शिकागोला, डॅलसला, फिलाडेल्फियाला मोठ्या विमानातून उतरतात आणि विद्यापीठाच्या गावाला जाणारे पन्नास-सत्तर आसनांचे लहान विमान पकडतात. तिकीट तुमचे असते. विमानावर ‘अमेरिकन ईगल’ असे नाव असते. चालवणारा मात्र तुमच्या मुख्य कंपनीचा वैमानिक नसतो. तो एन्व्हॉयचा, पीएसएचा, पीडमाँटचा, नाहीतर तुमच्यासाठी कंत्राटावर उडणाऱ्या आणखी एखाद्या कंपनीचा असतो. यातल्या पहिल्या तिन्ही कंपन्या पूर्णपणे तुमच्या मालकीच्या आहेत. तिघींच्याही वैमानिकांची युनियन एकच, एअर लाइन पायलट्स असोसिएशन. तरी करार तीन, ज्येष्ठतेच्या याद्या तीन, पगाराच्या श्रेणी तीन. मालक एक आणि नोकर तीन घरचे, अशी ही मांडणी आहे.

आता पगार. 2014 साली अशा कंपनीत नव्या फर्स्ट ऑफिसरला तासाला 25 डॉलरच्या आसपास मिळत. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण हा तास घड्याळाचा नसतो. विमानाचे ब्रेक सुटल्यापासून पुढच्या गेटवर विमान उभे राहीपर्यंतचाच वेळ पगारात धरला जातो. विमानाभोवती फिरून केलेली तपासणी, प्रवासी चढेपर्यंतचा वेळ, वादळामुळे टर्मिनलमध्ये काढलेली दुपार, यांचे तासाचे वेतन नाही. बारा तासांच्या ड्यूटीत पाच-सहा तास पगाराचे निघाले तर दिवस चांगला गेला म्हणायचे. महिन्याला 75 तासांची हमी धरली, तर वर्षाचे साडेबावीस हजार डॉलर होतात. त्यातून प्रशिक्षणाच्या कर्जाचे हप्ते, ज्या शहरात ड्यूटी सुरू होते तिथे दहा जणांत भाड्याने घेतलेल्या खोलीतला पलंग आणि घरभाडे.

हे दिवस तुमच्या गरिबीचे नव्हते. तुमच्या मूळ कंपनीने नोव्हेंबर 2011मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ईगलच्या, म्हणजे आजच्या एन्व्हॉयच्या, वैमानिकांनी सवलती दिल्या. कंपनी बुडू नये म्हणून दिल्या. डिसेंबर 2013मध्ये यूएस एअरवेजशी विलीनीकरण झाले आणि त्याच महिन्यात तुम्ही 60 एम्ब्राएर 175 आणि 30 बम्बार्डिअर सीआरजे 900 विमानांची ऑर्डर दिली. 2014 साली तुमचा निव्वळ नफा 2.9 अब्ज डॉलर झाला. खास खर्च वगळले तर 4 अब्जांहून जास्त, तुमच्या इतिहासातला तोवरचा उच्चांक. त्याच वर्षी, एकदा सवलती देऊन बसलेल्या माणसांपुढे तुम्ही पुन्हा सवलतींचा कागद ठेवला. दिवाळखोरीत मागितले ते समजू शकते. नफ्यात मागितले, ते कशाच्या जोरावर?

त्या नव्या विमानांच्या जोरावर. करार मान्य करणाऱ्याला विमाने, नाकारणाऱ्याची कंपनी लहान होणार, असा तो सौदा होता. पीएसएच्या वैमानिकांनी मान्य केले आणि सीआरजे 900 त्यांच्याकडे गेली. एन्व्हॉयने नाकारले, तेव्हा 20 एम्ब्राएर तुम्ही कम्पास नावाच्या कंत्राटी कंपनीला दिली.

या सौद्याची खरी ताकद ज्येष्ठतेच्या यादीत होती आणि ती तुम्हाला नेमकी माहीत होती. तुमच्या देशात वैमानिकाचे सगळे आयुष्य त्या यादीतल्या क्रमांकावर चालते: पगार, सुट्टी, कुठल्या शहरातून उडायचे, कॅप्टन कधी व्हायचे, दिवाळीला नाही तर ख्रिसमसला घरी असायचे की नाही. कंपनी सोडून दुसरीकडे गेला की पंधरा वर्षांचा कॅप्टनही तळाचा नवा फर्स्ट ऑफिसर होतो आणि पहिल्या वर्षाच्या पगारावर येतो. म्हणजे पन्नाशीतला कॅप्टन जागचा हलू शकत नाही. त्याच्या कंपनीची विमाने गेली की त्याचा क्रमांकही कवडीमोल. तो ‘हो’ म्हणाला तर त्याला भित्रा कोण म्हणेल? त्याच्या मुलांच्या कॉलेजची फी तुम्ही भरणार नव्हता. आणि पंचविशीतला फर्स्ट ऑफिसर, ज्याला आणखी दहा वर्षे या श्रेणीत काढायची होती, तो ‘नाही’ म्हणाला तर त्याला उतावळा कोण म्हणेल? मोठ्या कंपनीत बढतीची हमी मिळते म्हणून ‘हो’ म्हणणारे तरुण होते, आणि आयुष्यभर सवलतीच देत आलो आता पुरे, म्हणून ‘नाही’ म्हणणारे पिकल्या केसांचे कॅप्टनही असणारच. प्रत्येकाने आपल्या घरचा हिशेब केला आणि प्रत्येकाचा हिशेब बरोबर होता. प्रश्नच असा घातला होता की बरोबर उत्तर देणारी दोन माणसे एकमेकांची वैरी व्हावीत.

त्यात आणखी एक पेच होता. ज्या कंपनीला विमाने मिळतात, ती भरभर वाढते, नवे वैमानिक घेते. नव्यांचा पगार कमी, म्हणून ती स्वस्त पडते. जिची विमाने काढून घेतली, तिथे फक्त जुने उरतात. जुन्यांचा पगार जास्त, म्हणून ती महाग दिसते. मग तुम्ही सांगता, बघा, तुम्ही महाग आहात, आणखी कमी घ्या. महाग त्यांना तुम्हीच केलेले असते. तेव्हा पीएसए स्वस्त होती. दहा वर्षांनी तिचे वैमानिक जुने झाले की त्यांच्यापुढेही हाच कागद येणार, हे तुम्हाला दिसत होते आणि त्यांनाही दिसत होते. तरी त्यांनी मान्य केले, कारण नाकारले असते तर ती विमाने दुसऱ्या दारी गेली असती.

संप का केला नाही, असे आमच्याकडचा कुणी विचारील. तुमच्याकडे 1926चा रेल्वे कामगार कायदा 1936पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे. त्याखाली सरकारी मध्यस्थ मंडळाने वाटाघाटी थांबल्याचे मान्य केल्याशिवाय, आणि त्यानंतर 30 दिवस थांबल्याशिवाय संप करता येत नाही. मध्यस्थी किती काळ चालवायची, ते मंडळ ठरवते. आणि ज्यांनी हा सगळा रस्ता चालून संप केला, त्यांचे काय झाले, हे प्रत्येक वैमानिकाला पाठ आहे. डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअरच्या वैमानिकांनी 2001 साली 89 दिवस संप केला आणि पगारवाढ मिळवली. कॉमएअर सप्टेंबर 2012मध्ये बंद झाली. बंद होण्यामागे इंधनाचे भाव आणि जुनी पन्नास आसनी विमाने अशीही कारणे होती, पण धडा म्हणून कामगारांच्या मनात उरली ती तारीख. असे उदाहरण समोर असताना माणसाच्या हातात एक मतपत्रिका उरते, आणि तुम्ही तीही त्याच्याच अंगावर उलटवली.

पगाराच्या या वादाला दुसरी बाजूही आहे, जीवाची. 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान पडले आणि 50 माणसे गेली. ते विमान तुमचे नव्हते, कॉन्टिनेंटलसाठी उडत होते. अपघाताचे कारण तपासात निघाले ते कॅप्टनने चुकीच्या दिशेने दिलेला प्रतिसाद. पण त्याच चौकशीत देशाला हेही कळले, की त्या विमानाची फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानांतून रात्रभर प्रवास करून नेवार्कला ड्यूटीवर आली होती. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण नेमका किती ते सांगता येत नाही, असे तपासकर्त्यांनी नोंदवले. त्यानंतर वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम बदलले आणि 2013पासून फर्स्ट ऑफिसरलाही साधारण 1500 तासांच्या उड्डाणाचा अनुभव सक्तीचा झाला. आमच्याकडे व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात, यावरून अंदाज यावा. ज्या नोकरीची पात्रता इतकी वाढली, तिचा पगार वाढायला हवा होता. तुम्ही मात्र पुढच्याच वर्षी पुन्हा सवलतींचा करार पुढे केलात.

ज्यांच्यासाठी भाऊ भावाशी भांडला, त्या विमानांचे पुढे काय झाले? नव्या करारानंतर 2015च्या अखेरीपासून एन्व्हॉयकडेही एम्ब्राएर 175 आली. कम्पास एप्रिल 2020मध्ये बंद पडली आणि तिच्याकडची 20 विमाने एन्व्हॉयकडे वळवण्याचा निर्णय तुम्ही तिच्या बंद होण्याआधीच घेतला होता. ज्यांना शिक्षा म्हणून विमाने नाकारली, त्यांनाच शेवटी ती दिली, आणि मधल्या काळात ज्यांच्याकडे ती वळवली, त्या कम्पासच्या वैमानिकांची नोकरीच उरली नाही. त्या काळात तुटलेली मैत्री आणि सोडलेल्या नोकऱ्या कुठल्या ताळेबंदात येत नाहीत, म्हणून तुम्ही त्यांचा हिशेब ठेवला नाही.

मग 2022 आले. महामारीत लवकर निवृत्त केलेल्या वैमानिकांच्या जागा मोठ्या कंपन्या छोट्या कंपन्यांतून भरू लागल्या. जून महिन्यात तुमच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगितले, की वैमानिक नाहीत म्हणून छोट्या कंपन्यांची सुमारे 100 विमाने उभी आहेत. त्याच महिन्यात तुम्ही इथाका, टोलेडो आणि इस्लिप या गावांची सेवा सप्टेंबरपासून बंद करत असल्याचे जाहीर केले. इथाकाला कॉर्नेल विद्यापीठ आहे. तुमच्या विमानाने तिथे जाणाऱ्या आमच्या मुलांना दुसरी वाट शोधावी लागली, ती याचमुळे.

आणि त्याच जूनमध्ये तुमच्या छोट्या कंपन्यांत नव्या फर्स्ट ऑफिसरचा पगार, दोन वर्षांचा खास भत्ता धरून, तासाला 90 डॉलर झाला. नव्या कॅप्टनचा 146. आठ वर्षांपूर्वी 25 डॉलरही जड होते. विमाने तीच, मार्ग तेच, आसनेही तेवढीच. छोटे विमान मोठा पगार पेलू शकत नाही, हे तुमचे सगळे अर्थशास्त्र होते. 2022 साली ते तुम्ही स्वतःच्या सहीने खोटे ठरवले. 2014 साली ‘नाही’ म्हणणाऱ्या 70 टक्क्यांना तुम्ही एक जाहीर कबुली देणे लागता: त्यांचे गणित बरोबर होते. आणि ‘हो’ म्हणणाऱ्या 30 टक्क्यांची तुम्ही जाहीर माफी मागायला हवी: त्यांना घातलेली भीती तुम्ही तयार केलेली होती.

ही चाल आम्हाला परकी नाही, म्हणूनही लिहितो आहे. 2024च्या मार्च-एप्रिलमध्ये विस्तारा या विमान कंपनीची उड्डाणे रद्द होऊ लागली आणि मुंबई विमानतळावर माणसे ताटकळली. एअर इंडियात विलीन होण्याआधी वैमानिकांपुढे नवा पगार ठेवला होता. 70 तासांच्या उड्डाणाइतका निश्चित पगार होता, तो 40 तासांवर आणला होता. तिथे मतदानही नव्हते. प्रत्येकाने आपापल्या घरी बसून, एकट्याने सही करायची की नाही, ते ठरवायचे होते. विलीनीकरण, उड्डाणाच्या तासांवर बांधलेला पगार आणि एकेकट्याला गाठणे, हा धडा जगभर एकाच पुस्तकातून शिकवला जातो असे दिसते.

तुमच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. ती माणसांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात खर्च झाली, ही माझी तक्रार आहे. म्हणून तीन मागण्या करतो. तिन्ही कंपन्यांच्या वैमानिकांची ज्येष्ठतेची यादी एक करा, म्हणजे एका घरची विमाने दुसऱ्या घरी नेल्याने कुणाचे आयुष्य शून्यावर येणार नाही. कुठले विमान कुठे उडेल, हा निर्णय पगाराच्या वाटाघाटीत आमिष म्हणून आणणार नाही, असे करारात लिहून द्या. आणि पुढच्या वेळी पगारावर मत मागाल, तेव्हा एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमाँट, तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी एकच करार मतदानाला ठेवा. त्यावर तुमचे वैमानिक काय उत्तर देतील, हे तुम्हाला पक्के माहीत आहे. इतकी वर्षे तीन वेगळे करार तुम्ही त्याच भीतीने पुढे करत आलात.

कळावे,
तुमच्या छोट्या विमानांतून आपली मुले पाठवणारा
एक मराठी पालक